एकवीस हजारांनी हुकलेला बाप

मुलीला इंजिनिअरिंगला पुण्यातल्या झकपक खाजगी विद्यापीठात घालायचं की सोलापुरातच ठेवायचं, हा आमचा घरगुती प्रश्न आहे असं मी परवापर्यंत समजत होतो. पुण्याचे वर्षाला साडेचार लाख, वर वसतिगृह आणि मेसचे दीड. चार वर्षांचे झाले 24. इथे वर्षाला लाखभर, आणि पोरगी संध्याकाळी घरी. साडेसात लाखांच्या वर कर्ज पाहिजे तर तारण लागेल, असं बँकेनं सांगितलं. म्हणून घराची कागदपत्रं आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन कलेक्टर कचेरीजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे गेलो.

हा गृहस्थ आधी कागद वाचतो, मग झेरॉक्स काढतो. वाचतो तेही खड्या आवाजात.

“आठ लाख एकवीस हजार!”

दुकानात दहाएक माणसं होती. सगळ्यांनी माझ्या चपलांकडे बघितलं.

“मालक, एकवीस हजारानं हुकलं की वो! कुठं घालूलालाव पोरीला?”

सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. त्यानं मशीनचं झाकण उघडंच ठेवलं आणि सुरू झाला. 2024-25 पासून आर्थिक दुर्बल आणि मागास प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ, पण घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे, प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे आणि खाजगी विद्यापीठाला हे काहीच लागू नाही. सगळं बरोबर सांगत होता, हेच जास्त लागलं.

“म्हंजे माफी गेलीच. मग इथं लाख तरी कशाला घालवता? पुण्यालाच घाला!”

या हिशोबावर मी विचार करतोय तोवर त्यानं माझ्या घराचा उतारा उचलला.

“ह्ये गहाण? नको नको. चोवीस लाखांत गाळा येतोय. पोरीच्या नावानं गाळा घ्या, भाड्यावर इथलं कॉलेज करा.”

रेशनकार्ड घेऊन उभ्या असलेल्या एका आजोबांनी “कुठल्या भागात?” असं विचारलं आणि चर्चा गाळ्यांकडे वळली. सात रस्ता महाग, विजापूर रोडला पार्किंग आहे वगैरे. माझी मुलगी मागे पडली. पुण्याला गेलेलं पोरगं परत येतं का, यावरही एक फेरी झाली. सकाळी पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेस भरून जाते खरी. येणारे येतात ते जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला, दोन दिवस, तेही नळाला पाणी कधी येणार ते विचारून.

“तुमच्या मुलीचं काय केलंत?” मी शेवटी विचारलं.

“इथंच, कंप्युटरला. फी माफ.” त्यानं मशीनवर प्रेमानं हात फिरवला. “आमचा दाखला तीन लाखांचा हाय.”

दाराशी त्याची नवी चारचाकी उभी होती, आरशाला लिंबू-मिरची बांधलेली.

आता यात हसण्यासारखं काय आहे ते मलाही नीट सांगता येत नाही. पगारदाराचा रुपया न् रुपया फॉर्म सोळावर, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराच्या दाखल्यावर, छापून येतो. भत्ता वाढला की आपण पेढे वाटतो आणि त्याच भत्त्यानं पोरीची माफी जाते. मर्यादेच्या अलीकडे सगळं माफ, पलीकडे सगळं भरा. मधे एखादी पायरी ठेवली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? आणि गल्ल्यातली रोकड तलाठ्याला दिसत नाही, मला मात्र पाच मिनिटांत दिसली.

पैसे देऊन, कागद गोळा करून तणतणत घरी आलो. मुलगी म्हणाली, दोन्हीकडचे लॅब बघून आल्याशिवाय मी काही सांगणार नाही. बायको म्हणाली, गाळा कुठे म्हणत होता तो?

तेवढ्यात फोन वाजला. नंबर त्यानं अर्जावरूनच टिपून ठेवला होता.

“मालक, तुमचा मूळ दाखला मशीनमधेच राहिला बघा. सावकाश या, घाई नाही. हरवू नये म्हणून दुकानाच्या दर्शनी काचेला चिकटवलाय.”