दहा बाय आठमध्ये अख्खं गाव

"भाऊ, एक बॅनर टाकायचाय. साधाच. उद्या सकाळी चौकात लागला पाहिजे."

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात, बसस्टँडसमोर नाहीतर मोंढ्याच्या कोपऱ्यावर, डिझाईनच्या दुकानाचा दिवस या वाक्यानं सुरू होतो आणि तो संध्याकाळी सातला सुरू होतो. आमच्या धंद्यात 'साधाच' म्हणजे मध्ये उत्सवमूर्ती, वर नेत्यांची रांग आणि खाली सत्तर शुभेच्छुक. पुण्या-मुंबईत या कामाला ग्राफिक डिझाईन म्हणतात. इथं ते निम्मं चित्रकाराचं आणि निम्मं तंटामुक्ती समितीचं असतं.

दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला, म्हणजे इंचाला ७२ ठिपक्यांनी, बसवला की ८६४० बाय ६९१२ पिक्सेल होतात. वीसेक फुटांवरून बघायच्या वस्तूला तेवढं पुरतं. नवीन पोरगं कुठंतरी वाचून ३०० डीपीआय ठेवतं. मग तेच चित्र शंभर कोटी पिक्सेलच्या वर जातं, फाईल चार जीबीला टेकते, कॉम्प्युटर घुमायला लागतो आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. म्हणून आमच्याकडं शिकाऊ पोराला पहिला धडा रंगाचा देत नाहीत, दर दहा मिनिटांनी कंट्रोल एस दाबायचा देतात.

गिऱ्हाईक फोटो म्हणून देतं तो व्हॉट्सअॅपच्या डीपीचा स्क्रीनशॉट. त्यात चित्र साडेसहाशे पिक्सेलचं, म्हणजे फ्लेक्सवर नऊ इंच. चेहरा हवा चार फुटी, त्याला लागतात ३४५६. पाचपट ताणल्यावर गालावर विटा दिसायला लागतात. "मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगितलं की तोच स्क्रीनशॉट डॉक्युमेंट म्हणून येतो.

मूळ फोटो आलाच तर तो कुणाच्या तरी लग्नातला असतो. कडक पांढरा शर्ट, मागं पांढरी भिंत. एका क्लिकवर पार्श्वभूमी उडवणारं सॉफ्टवेअर अशा वेळी भिंतीबरोबर खांदाही खातं, मग पेन टूलनं खांदा अंदाजानं काढावा लागतो. उंची वाढवा, पोट आत घ्या, हे किरकोळ. अवघड असतो तो दुसऱ्या खांद्यावरचा हात. हाताचा मालक कापून टाकला तरी चार बोटं उरतातच. ती शेजारचा शर्ट घासून झाकायची, कारण बोटांतल्या अंगठीवरून मालक ओळखणारे लोक गावात असतात आणि तो मालक हल्ली दुसऱ्या गटात असतो.

आता शुभेच्छुक. दहा फूट म्हणजे १२० इंच. सत्तर फोटो दोन ओळींत लावले तर एकेकाच्या वाट्याला साडेतीन इंचही रुंदी येत नाही. त्याखाली नाव, आडनाव आणि 'भावी सरपंच' बसवायचं म्हणजे अक्षर अर्ध्या इंचावर येतं. दहा फुटांवरून नीट वाचायला अक्षर इंचभर उंच हवं, हा पाटीवाल्यांचा जुना हिशोब. फ्लेक्स टांगतात पंधरा फूट उंच. म्हणजे ही नावं फक्त शिडीवर चढून दोरी बांधणाऱ्यालाच वाचता येतात. तरीही रात्री साडेअकराला फोन येतो तो नावासाठीच. "भाऊ, आमच्या दाजीचा फोटू दुसऱ्या लायनीत घेतलाव म्हणं?" दाजींना वर घेतलं की वरचा कुणीतरी खाली येतो आणि पाऊण तासात त्याच्या मेव्हण्याचा फोन येतो. यावर एकच तोडगा टिकतो: सगळे एका मापाचे गोल आणि क्रम आडनावाच्या बाराखडीनं. तोही पाटलांना फारसा पटत नाही.

रंगाचं दुखणं वेगळं. स्क्रीन उजेडानं रंग दाखवते, मशीन शाईनं. पोपटी रंग स्क्रीनवर नाचतो आणि फ्लेक्सवर उकडलेल्या शेपूसारखा उतरतो. एप्रिलात जयंतीच्या आठवड्यात तर निळ्याची परीक्षाच असते. सायन (आकाशी शाई) १०० टक्के, मजेंटा (गुलाबी शाई) १०० टक्के धरला की निळा होईल असं वाटतं, पण उतरतो जांभळा. आणि १४ एप्रिलला जांभळा बॅनर घेऊन चौकात उभं राहायची कुणाची छाती नाही. मजेंटा तीस-चाळीस टक्क्यांनी खाली आणायचा, हातभर तुकडा छापून उन्हात बघायचा, मग मशीन सोडायचं. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली पास केलेला निळा बाहेर दगा देतो.

अक्षरांचं तर विचारूच नका. मजकूर मोबाईलवर येतो युनिकोडमध्ये, आमचे देखणे जाड फाँट युनिकोड न समजणाऱ्या जुन्या श्रीलिपीचे. तसाच चिकटवला तर नुसते चौकोन. कन्व्हर्टरमधून काढला तर रफार शेजाऱ्याकडं जातो आणि ऱ्हस्व वेलांटी घर सोडते. ते जुळवलं की फाईल छपाईला धाडण्याआधी कोरलड्रॉमध्ये कंट्रोल क्यू, म्हणजे अक्षरांची रेषाचित्रं (कर्व्ह) करायची. नाहीतर तिकडच्या मशीनवर फाँट नसतो आणि 'हार्दिक शुभेच्छा'च्या जागी इंग्रजी अक्षरांची चकली पडते. पण एकदा कर्व्ह केलं की ती अक्षरं राहत नाहीत, टाईप करता येत नाहीत. टाईप असलेली फाईल वेगळी ठेवायची असते आणि घाईत नेमकी तीच राहते. मग चूक सापडली की बाळासाहेबांचा ळ कापून काळेंना द्यायचा. बाळासाहेबांच्या नावात पडलेलं भोक भरायला खालच्या ओळीतले कांबळे असतातच.

नावं बदलली तेव्हाही आमच्याच टेबलावर आली. औरंगाबाद पाच अक्षरांत मावायचं, छत्रपती संभाजीनगरला दहा लागतात. लेटरहेडच्या तळाशी पत्ता, पिनकोड आणि फोन एका ओळीत बसवलेल्यांनी 'छ.' केलं किंवा अक्षर बारीक केलं. धाराशिवच्या लोकांचं एक अक्षर वाचलं. त्या जागी त्यांनी व्हॉट्सअॅपचं चिन्ह टाकून घेतलं.

कल्पना कुठून सुचतात, असं शहरातले विद्यार्थी विचारतात. आजूबाजूला माल भरपूर आहे. पैठणीच्या पदरावरचा मोर जवळून बघा. तो धाग्यांच्या मोजणीवर विणलेला असतो, त्यामुळं त्याची वळणं पायऱ्यापायऱ्यांनी जातात. पिक्सेल म्हणतात तो हाच. अजिंठ्याला पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणी बघतात, आम्ही मान वर करून छत बघतो. फुलं, फळं, प्राणी, प्रत्येक चौकोन निराळा, तरी सगळं छत एक दिसतं. सत्तर शुभेच्छुक कसे मांडावेत याचं उत्तर तिथं दीड हजार वर्षांपासून वर लावलेलं आहे. ते मनात धरून, मोकळी जागा सोडून कच्चं डिझाईन दाखवावं तर गिऱ्हाईक त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवतं: "हितं काय तर टाका की. वाघ टाका."

वाघ टाकतो. वाघ, सोनेरी अक्षरं, मागून किरणं, कोपऱ्यात गुलाल. पैसे चौरस फुटावर घेतो, रिकामा फूटही त्याच भावानं जातो, मग त्यांनी तो रिकामा का ठेवावा?

रात्री दोनला फाईल जाते. जाताना चारही बाजूंना दोन-दोन इंच मोकळे सोडावे लागतात, कारण फ्लेक्स लाकडी चौकटीवर दुमडून ठोकतात. ते विसरलं तर खिळे शुभेच्छुकांच्या कपाळात. मशीन पाचच फुटी असेल तर दोन पट्टे जोडावे लागतात आणि दहा फुटांचा जोड बरोबर मध्यावर, म्हणजे उत्सवमूर्तीच्या नाकावर येतो. म्हणून त्याला आधीच हातभर डावीकडं सरकवून ठेवायचं. तो विचारतो, मी मध्ये का नाही? विकासाकडं चाललाय दाखवलंय, असं सांगायचं.

वाढदिवस सरतो, फ्लेक्स उतरतो आणि शेतात जातो. कडब्याच्या गंजीवर, सोयाबीनच्या ढिगावर, गोठ्याच्या गळक्या पत्र्यावर. आमचं खरं कायमस्वरूपी प्रदर्शन तिथं भरतं. दुसऱ्या वर्षी तोच कार्यकर्ता येतो, तीच पोज, तोच शर्ट.

"भाऊ, औंदा बारा बाय दहा घ्या."

"का हो, शुभेच्छुक वाढले?"

"न्हाई वो. दहा बाय आठात गंजी झाकत न्हाई."