कालनिर्णयावरच्या खुणा

आमचा कुत्रा बंड्या गेला. १७ जुलैला, गुरुवारी दुपारी. पंधरा वर्षांचा होता. परळ-लालबागमधले बरेच जण त्याला ओळखायचे म्हणून इथे कळवतोय. आणि एक गोष्ट सलतेय, म्हणूनही.

२०१० साली अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, गुलालात माखलेलं हे पिल्लू चाळीच्या जिन्याखाली सापडलं. बाबांनी त्याला पहिल्या दिवसापासून 'साहेब' केलं. "काय साहेब, जेवलात का?" आमच्या घरात बाबांकडून अहोजाहो मिळालेला तो एकटाच. लस टोचायला बैलघोडा हॉस्पिटलात नेलं की दारातच फतकल मारायचा, मग साहेबांना उचलून आत न्यावं लागायचं. ढोल वाजले की मोरीत, बादलीमागे. पुढे चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो, तरी ढोलाला मोरी ठरलेली. (टॉवरात तिला बाथरूम म्हणतात.)

मे महिन्यात तो पाणी फार प्यायला लागला. तोंडाला उग्र वास. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन सात. डॉक्टर मॅडमनी सांगितलं की किडनीचा जवळपास पाऊण भाग कामातून जाईपर्यंत रक्तात काही दिसतच नाही. मग घरीच सलाइन. ते कातडीखाली द्यायचं असतं. खांद्यावर उंटासारखा फुगा यायचा आणि तासाभरात ओघळून पायात उतरायचा. सुई मी लावायचो, बाटली आई धरायची.

मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं. रोज रात्री कॅलेंडरवर खूण करा. दिवस बरा गेला तर बरोबर, वाईट गेला तर फुली. फुल्या जास्त झाल्या की मला फोन करा.

कालनिर्णयावर दूधवाल्याचे खाडे लिहितो, त्याच चौकटीत खुणा सुरू झाल्या. आणि लबाडीही. दिवसभर उलट्या झाल्या, पण रात्री पेढ्याचा कण चाटला, की आई म्हणायची, "आज बराच होता की रे." बरोबर. उभं राहता येईना, पण बाबा आल्यावर शेपटी हलली. बरोबर. १० तारखेची फुली मी स्वतः गिरवून गिरवून बरोबर केली. सातवीतल्या प्रगतिपुस्तकानंतर असला उद्योग पहिल्यांदाच केला.

नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी युधिष्ठिराची गोष्ट टाकली. त्याने स्वर्ग नाकारला पण कुत्र्याला सोडलं नाही वगैरे. मान्य. पण तो कुत्रा शेवटी यमधर्म निघाला. आमचा शेवटपर्यंत कुत्राच होता, आणि त्याचं दुखत होतं. 'सोडायचं नाही' हे आम्ही त्याच्यासाठी करत नव्हतो. आठवडाभर तरी आधी फोन करायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. आईला ते पटत नाही. ती म्हणते, देवाने नेलं असतं तेव्हा नेलं असतं. आमचं यावर अजून भांडण होतं.

शेवटी फोन बाबांनी केला, आम्हाला न विचारता. मॅडम घरी आल्या. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. दोन मिनिटंही लागली नाहीत. डोळे मिटत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. बाबांनी हाताने मिटून पाहिले, परत उघडले. "साहेब, झोपा आता," एवढंच म्हणाले आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसले.

मालाडला महापालिकेने २०२३ साली प्राण्यांसाठी दहनाची सोय केलीय. गॅसवर चालते, पैसे घेत नाहीत. तिथवर न्यायला मात्र दोन टॅक्सीवाले नाही म्हणाले. तिसऱ्याने डिकी उघडली, मग चादरीकडे बघून बंद केली आणि म्हणाला, "मागच्या सीटवर घ्या, मांडीवर." भर पावसात पूर्ण रस्ता रेडिओ बंद ठेवला त्याने.

घरात आरएलच्या (त्याच सलाइनच्या) चार सीलबंद बाटल्या, दोन सेट आणि सुयांचं अर्धं पाकीट उरलंय. एक्स्पायरी पुढच्या वर्षीची आहे. परळ, शिवडी, लालबाग भागात कुणाच्या कुत्र्याला सलाइन चालू असेल तर इनबॉक्स करा. मी आणून देईन. सुई कशी लावायची तेही दाखवीन.