थई जशे

गेल्या दिवाळीत बडोद्याला, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यामागे एक निळी पिशवी ठेवलेली होती. मूल व्हावं म्हणून रोज रात्री नऊला बायकोला टोचायची इंजेक्शनं तिच्यात होती. काकूंना आम्ही थायरॉईड सांगितलं होतं. काकूंनी मान डोलावली, श्रीखंडाचा डबा पुढे ओढला आणि पिशवीला जागा करून दिली. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं कळलं होतं, हे आम्हाला पाडव्याला कळलं.

पाडव्याच्या फराळाला सगळे जमले होते आणि चुलतभावाने विषय काढला. डिसेंबर २०२४ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत नागपुरात म्हणाले होते की प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २.१ च्या खाली जाता कामा नये, म्हणून दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन मुलं हवीत. त्याआधी दीडेक महिना चंद्राबाबू नायडूंनी आंध्रात असंच काहीसं सांगितलं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा दर २.० वर आलाय, हे चुलतभावाला तोंडपाठ. काकांचं निदान तयार होतं: मुली तिशी उलटेपर्यंत लग्न करत नाहीत आणि मग दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवतात. मामी म्हणाली, आणंद काय लांब आहे, तासाभरावर, तिथे दुसऱ्याचं मूल पोटात वाढवून देणाऱ्या बायका मिळतात. आत्या म्हणाली, त्यापेक्षा दत्तक घ्यावं माणसाने, आपले सयाजीराव महाराज दत्तकच होते की. हे सगळं अगदी सर्वसाधारण, देशाबद्दल, समाजाबद्दल चाललं होतं. फक्त बोलता बोलता प्रत्येकाची नजर एकदा चिवड्यावरून निघून माझ्या बायकोच्या पोटावर टेकून येत होती. नऊ वाजत आले तशी ती उठून आत गेली.

मी बारा वर्षं इंग्लंडात, नॉटिंगहॅमला आहे. बडोद्यातल्या अशा चर्चांना तिथल्या तिथे उत्तर देणं मला कधी जमत नाही. परत आल्यावर ट्राममध्ये बसून मनातल्या मनात देतो. आज लिहून देतो.

पहिल्यांदा काकांना. मुलगी किती वर्षांची, हा प्रश्न इथल्या डॉक्टरांनीही विचारला, तो विचारावाच लागतो. पण त्याच दिवशी त्यांनी माझ्याही हातात एक डबी दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे शुक्राणूंची खालची मर्यादा मिलिलीटरला १ कोटी ६० लाख. माझे तीस लाख निघाले. बायकोचे सगळे रिपोर्ट ठीक. तोपर्यंत आईच्या सांगण्यावरून तिचे सोळा सोमवार होऊन गेले होते आणि मी त्या प्रत्येक सोमवारी साबुदाण्याची खिचडी चवीने खाल्ली होती. आपल्या भाषेत बाईसाठी 'वांझ' आहे, 'वांझोटी' आहे. माझ्यासाठी धड शब्दच नाही, 'नपुंसक' म्हणजे निराळीच भानगड. शब्द नाही म्हणून चर्चेत मी नाही.

पाडव्याला बायको आत गेल्यावर मी हे बोलून टाकलं. "काका, तिचं सगळं बरोबर आहे. माझा काउंट कमी आहे." काका थोडा वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "कोणीतरी चहा टाका रे." चर्चा तिथेच संपली, प्रजनन दरासकट. दुसऱ्या दिवसापासून आईने मला खारीक-बदामाचं दूध सुरू केलं आणि काकूंनी पिशवी उघडपणे फ्रिजच्या वरच्या फळीवर आणली.

आता इंग्लंडचं. इथे सगळं सरकार करतं अशी बडोद्यात समजूत आहे. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१३ ची आहे. चाळिशीच्या आतल्या बाईला आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याच्या उपचाराच्या, तीन पूर्ण सायकल द्याव्यात असं ती सांगते. पण पैसे देतात स्थानिक आरोग्य मंडळं, आणि बहुतेक ठिकाणी ती एकावरच थांबतात. आम्हालाही एकच मिळाली. दोघांपैकी एकालाही आधीच्या लग्नाचं मूल नको, सिगारेट नको, बायकोचं वजन मर्यादेत हवं. या चाळणीतून उतरून पहिलं इंजेक्शन टोचेपर्यंत चौदा महिने गेले. २०२२ मध्ये इथल्या शंभर सायकलींपैकी २७ सरकारी खर्चाने झाल्या, तीन वर्षांपूर्वी त्या ३५ होत्या. बाकीच्यांनी घरावर कर्ज काढलं, नाहीतर आमच्यासारखं विमान पकडलं.

ती पहिली सायकल फसली. निकालाचा फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटात दुधाच्या फळीसमोर उभा होतो. नर्स फार नम्रपणे म्हणाली, बीटा निगेटिव्ह आहे, म्हणजे गर्भ राहिलेला नाही, तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या. वेळ घेऊन काय करायचं ते मात्र कोणाला विचारता येईना. घरी आलो, दोघांनी पास्ता केला, भांडी घासली. दार वाजवणारं कोणी नव्हतं. अशा वेळी दांडिया बाजारात खालून कोणीतरी वरणभात घेऊन आलं असतं, काही विचारलंही नसतं.

पण एक गोष्ट इथे झाली आणि ती बडोद्यात झाली नसती. समुपदेशकाशी भेट घ्यायची संधी दवाखान्याने दिलीच पाहिजे असा इथला कायदा आहे. आम्ही गेलो. साठीच्या बाई, विणलेला स्वेटर, टेबलावर रुमालांचा खोका. रडायला लावतील अशी आमची अपेक्षा. त्यांनी विचारलं, "थांबायचं कधी, हे तुम्ही ठरवलंय का?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पुढची सायकल, पुढची तारीख, पुढची तपासणी, एवढंच आमच्या डोक्यात. त्या म्हणाल्या, आज ठरवू नका, पण आकडा कागदावर लिहा, निकाल लागल्याच्या दिवशी कोणालाच नीट विचार करता येत नाही. बायकोने पर्समधली बिलाची पावती काढून मागे '३' लिहिलं. ती पावती अजून आमच्या ड्रॉवरमध्ये आहे, पुढच्या बाजूला कांदे आणि डिटर्जंट.

दुसरी सायकल आम्ही इथेच, स्वतःच्या पैशाने केली. तीही गेली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

तिसरी बडोद्याला. तिथे नवव्या दिवशी उपचार सुरू झाले, इंजेक्शनं धरून खर्च इथल्या निम्म्याहून कमी, आणि लॅब इथल्यापेक्षा तसूभरही मागे नव्हती. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण परदेशात राहणाऱ्याने तक्रार केली की लोकांना वाटतं हा यंत्रांबद्दल बोलतोय. भारताने या विद्येत कोणाकडे हात पसरलेला नाही. इंग्लंडात ओल्डहॅमला २५ जुलै १९७८ रोजी जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राऊन, जन्मली, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून दुर्गा. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. लुईसच्या जन्मामागच्या इंग्लंडातल्या रॉबर्ट एडवर्ड्सना २०१० मध्ये नोबेल मिळालं.

दवाखान्याच्या रस्त्यावर लागोपाठ होर्डिंग होती. प्रत्येकावर निळ्या डोळ्यांचं गुटगुटीत बाळ. तसली बाळं मला नॉटिंगहॅमच्या ट्राममध्ये रोज दिसतात, त्यांचा आमच्याशी काही संबंध नाही. खाली हप्त्यांची सोय, 'पॅकेज', दिवाळी सवलत. आत भिंतीवर रांगत्या बाळकृष्णाचं कॅलेंडर. ज्या खोलीत मला डबी घेऊन पाठवलं तिथेही तेच कॅलेंडर होतं. मी ते आधी भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि मग पुढचं पाहिलं.

आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य. रिसेप्शनवरची मुलगी, सोनोग्राफीच्या बाई, डॉक्टर, पार्किंगवाला. "थई जशे." होऊन जाईल. बडोद्याच्या मराठी माणसाला या दोन गुजराती शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही, आपण लाइट बिलापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं त्यावर ढकलतो. मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. इंग्लंडातल्या डॉक्टरांनी बायकोचं वय पाहून सांगितलं होतं, एका भ्रूणामागे मूल होण्याची शक्यता साधारण तिघांत एक. तो आकडा आम्ही महिनोन्महिने उशाशी घेऊन झोपलो. बडोद्यात मी डॉक्टरांना विचारलं, तुमच्याकडे आमच्या वयाच्या शंभर जोडप्यांत किती घरी बाळ नेतात? ते हसून म्हणाले, "तमे पॉझिटिव्ह रहो ने." तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, सत्तर टक्के. शंभर कशातले, ते कळलं नाही. भ्रूण चिकटलं ते धरून, की नऊ महिने पार पडले ते?

माझं भांडण एवढंच आहे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. दवाखान्याने जोडप्याला यशाची शक्यता नीट समजावून सांगावी, समुपदेशन द्यावं, असं त्यातच लिहिलंय. आमचं समुपदेशन म्हणजे पॅकेजच्या कागदावर 'समुपदेशन' समोरची एक सही. इंग्लंडात नियामक संस्था प्रत्येक दवाखान्याचा निकाल वयोगटाप्रमाणे लोकांपुढे ठेवते. उपचाराच्या जोडीला खपवल्या जाणाऱ्या ज्यादा तपासण्या आणि इंजेक्शनं, त्यातलं काय उपयोगाचं आणि काय नाही, तेही रंग देऊन सांगते. बडोद्यात असा आकडा मला कुठेच पाहायला मिळाला नाही. तीन मुलांवर भाषणं देणाऱ्यांनी हा एवढा तक्ता दवाखान्याच्या दारावर लावायला सांगावं. मग पुढचं बोलू.

मामीला उत्तर सोपं आहे. आणंदची ती सोय, म्हणजे पैसे देऊन सरोगसी, बंद झाली. सरोगसीच्या २०२१ च्या कायद्याने पैशाचा व्यवहार गेला. आता सरोगेट विवाहित हवी, तिला स्वतःचं मूल हवं, वय २५ ते ३५, आणि तेही आयुष्यात एकदाच, विनामोबदला. इंग्लंडात पैशाच्या सरोगसीला १९८५ पासूनच मनाई आहे, तरी एकेकाळी इंग्लंडातले लोक त्याच कामासाठी आणंदची वाट धरायचे. बंदी बरी की वाईट, यावर माझं मत आठवड्याला बदलतं.

आत्याचं मात्र मनात राहिलं. सयाजीरावांची गोष्ट बडोद्यातल्या प्रत्येक मराठी पोराला येते: नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ, २७ मे १८७५ रोजी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला आणि महाराज झाला. त्याच्या आधीची चार वर्षं आपण सांगत नाही. १८७० च्या नोव्हेंबरात खंडेराव महाराज वारले तेव्हा जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची, नाहीतर दीर मल्हारराव. अख्खं संस्थान, इंग्रज रेसिडेंटसकट, एका बाईच्या पोटाकडे डोळे लावून बसलं. जिवाला धोका म्हणून त्या रेसिडेन्सीत राहत होत्या. १८७१ च्या जुलैत मुलगी झाली. त्या सात महिन्यांत जमनाबाईंना रात्री झोप लागत होती का, हे कोणत्या बखरीत लिहिलंय? आमचे ट्रान्सफरनंतरचे, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतरचे, दोन आठवडे मी त्यांचा विचार करत काढले. आणि दत्तक ही काही फसलेल्या सायकलची भरपाई नव्हे, आत्या. तिथे आधीच एक मूल असतं, त्याला आपण हवे असतो का, तो वेगळा प्रश्न. परदेशात राहून भारतातलं मूल दत्तक घेण्याचे कागद आम्ही पाहिले आहेत. ते वर्षांच्या हिशेबात मोजतात.

पाडव्यानंतर दोन दिवसांनी ट्रिगरचं, म्हणजे एग्ज पिकवणारं शेवटचं, इंजेक्शन होतं. पिकअपच्या, म्हणजे एग्ज बाहेर काढण्याच्या, बरोबर छत्तीस तास आधी, घड्याळ लावून, रात्री साडेदहाला. शेजारच्या वाड्यातल्या निवृत्त सिस्टर स्वेटर घालून आल्या, बाहेर उरलेल्या फटाक्यांच्या लडी वाजत होत्या, आणि काका हातात मोबाइल धरून सेकंद मोजत होते. तेच काका. नॉटिंगहॅमला बायको न्हाणीघरात एकटी व्हिडिओ पाहून स्वतःला टोचायची.

चौदा एग्ज निघाली, दहा परिपक्व, सहा फलित झाली, पाचव्या दिवसापर्यंत तीन टिकली. तिन्ही गोठवली. फेब्रुवारीत बायको एकटी जाऊन एक घालून आली. नाही राहिलं.

उरलेली दोन बडोद्यात द्रव नायट्रोजनमध्ये आहेत, उणे १९६ अंशांत. ती इकडे आणायची तर कायद्याप्रमाणे राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते, स्वतःचीच असली तरी. म्हणून आम्हीच जाणार. दवाखान्यातून मधूनमधून व्हॉइस मेसेज येतो, "क्यारे आवो छो?", कधी येताय, आणि शेवटी ते दोन शब्द. आईला आम्ही डिसेंबरची तिकिटं काढल्याचं सांगितलंय. ड्रॉवरमधल्या पावतीचं सांगितलेलं नाही. निळी पिशवी काकूंनी धुऊन, वाळवून कपाटात ठेवली आहे म्हणे.