कापायची ती कोणती आणि का : पद्मिनीबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या मागच्या लेखावर आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. दुरुस्तीला घेतलेल्या १९७८ च्या प्रीमियर पद्मिनीसाठी कळव्याहून आणलेली १९८६ ची पद्मिनी सुट्ट्या भागांकरिता कापण्याचा माझा विचार आहे, असे मी त्या लेखात लिहिले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. ज्या गाडीचे इंजिन सुरू होते आणि कागद पूर्ण आहेत तीच कापून, कागद संपलेली गाडी वाचवणे म्हणजे उलटा न्याय झाला; कुर्ल्याच्या बाजारात सामान मिळत असताना कापण्याची गरजच नाही; आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून गेल्यानंतर उरलेली प्रत्येक बॉडी जपली पाहिजे. तिन्ही आक्षेप गंभीर आहेत, म्हणून उत्तरही विस्ताराने देतो.

पहिल्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण निर्णय खऱ्या अर्थाने तिथेच होतो. मारुती जिप्सीसारख्या गाडीला खाली शिडीसारखी स्वतंत्र चॅसिस असते. तिची बॉडी कुजली तरी ती उतरवून दुसरी चढवता येते. पद्मिनीत तशी सोय नाही. तिची बॉडी हीच तिची चॅसिस आहे, आणि गाडीचे सगळे वजन फ्लोअर, दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड (दारांखालच्या पत्र्याच्या लांब आडव्या पट्ट्या), दारांचे खांब आणि छत मिळून पेलतात. कळव्याची गाडी खाडीच्या बाजूला उघड्यावर अनेक पावसाळे उभी होती. तिचा रंग वरून बरा दिसतो, पण उजव्या रनिंग बोर्डावर लोहचुंबक फिरवला तर तो अर्ध्याहून अधिक लांबीवर धरत नाही, म्हणजे तिथे पत्रा नसून नुसती पुट्टी आहे. गाडी चाकांवर उभी असताना पुढच्या उजव्या दाराची वरची फट मागच्या कोपऱ्यात पूर्ण मिटलेली असते आणि दार घासत उघडते. मधल्या खांबाखाली लाकडाचा जाड ठोकळा ठेवून जॅकने किंचित उचलले की त्याच फटीत बोट जाते. याचा अर्थ गाडी मधोमध वाकते आहे. मागच्या कमानपाट्याचा हँगर जिथे बॉडीला जोडलेला असतो, तिथला पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आरपार जातो. अशा गाडीचे इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झाले तरी तिच्यात माणसे बसवून घोडबंदर रस्त्यावर नेणे मला मान्य नाही. इंजिन बोल्ट काढून उतरवता येते, त्यामुळे त्याच्या प्रकृतीवरून बॉडीचे भवितव्य ठरवू नये.

१९७८ च्या गाडीची स्थिती नेमकी उलट आहे. तिचे इंजिन जाम आहे, वायरिंग उंदरांनी खाल्ले आहे आणि समोरच्या काचेची चौकट खालच्या दोन्ही कोपऱ्यांत संपलेली आहे. पण तिचे रनिंग बोर्ड आणि हँगर शाबूत आहेत, आणि दारांच्या चौकटींची कर्णमापे डाव्या-उजव्या बाजूंना जुळतात. कागदांचे म्हणाल, तर मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. मुदत संपली म्हणून गाडी मेली असे होत नाही. विलंबाचे शुल्क आणि कर भरून ती ठाण्याच्या आरटीओपुढे तपासणीला उभी करता येते. आपण सुचवल्याप्रमाणे चांगल्या कागदांची गाडी ‘कायम ठेवून’ तिच्यात दुसरीची बॉडी वापरायची म्हटले, तर एकीचा चॅसिस नंबर दुसरीवर चढवावा लागेल. आपला हेतू तसा नाही हे मी जाणतो, परंतु प्रत्यक्षात त्या वाटेला दुसरा अर्थ उरत नाही आणि तो सरळ गुन्हा आहे.

कुर्ल्याच्या बाजाराबद्दल आपण म्हणता ते यंत्रभागांपुरते खरे आहे. ब्रेकचे सामान, बेअरिंग, रबरी बीडिंग, पिस्टन रिंगा हे शोधल्यास मिळते आणि ते नवेच घ्यावे; भंगारातल्या गाडीचे ब्रेक सिलिंडर काढून दुसरीला लावण्याच्या मी विरुद्ध आहे. फ्लोअर आणि रनिंग बोर्डही कापलेल्या गाडीतून घेण्याचे कारण नाही, कारण त्यांचे बाक साधे, एकाच दिशेचे आहेत आणि वागळे इस्टेटमधल्या कोणत्याही चांगल्या पत्राकामाच्या शेडमध्ये ते नव्या पत्र्यातून वाकवून मिळतात. अडते ते काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यांपाशी. तिथे पत्रा एकाच वेळी दोन दिशांना वळतो, शिवाय आत बीडिंग बसण्यासाठी त्याला अरुंद ओठ असतो, आणि वळणात थोडाही फरक पडला तर काच बसवताना किंवा पहिल्या खड्ड्यात ती तडकते. हातोडीने असा कोपरा घडवणारे जुने डेंटर अजून आहेत, पण त्यांनाही पुढ्यात नमुना लागतो. हा तुकडा कारखान्यात स्पॉट वेल्डिंगने जोडलेला असल्यामुळे बोल्ट खोलून निघत नाही, तो कापूनच घ्यावा लागतो. आणि बाजारात तो सुटा येत नाही, कारण भंगारवाला गाडी तोडताना गॅस कटर नेमका याच खांबांवर चालवतो. कळव्याच्या गाडीचे हे दोन्ही कोपरे आश्चर्य वाटावे इतके निरोगी आहेत, आणि मी ती घेतली ती मुख्यतः त्यांच्यासाठी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. टॅक्सीला असलेली वीस वर्षांची वयोमर्यादा खासगी गाडीला लागू नाही, हे खरे असले तरी टॅक्सी गेल्या आणि त्यांच्याबरोबर सामानाचा मोठा ओघही आटला. म्हणूनच आज एक गाडी कापताना दहा वेळा विचार करावा, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. पण ‘कोणीतरी तिला उभी करील’ या आशेवर ती आणखी चार पावसाळे उघड्यावर राहिली, तर आज निरोगी असलेले ते दोन कोपरेही जातील आणि मग दोन्ही गाड्या गमावल्या जातील. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे, आणि तिच्यासाठी गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. १९७८ ची गाडी २०२८ मध्ये त्या वयाला पोहोचेल. तोपर्यंत तिच्या अंगावर तिच्याच जातीचा पत्रा असावा, असे मला मनापासून वाटते.

कापलेले परत जोडता येत नाही, हा आपला इशारा मात्र कामाच्या क्रमात उतरवण्यासारखा आहे. त्यामुळे बोल्टने निघणारे सगळे आधी उतरेल : काचा, दारे, डिकी, डॅशबोर्ड, स्टेअरिंगवरच्या गिअरच्या दांड्या आणि त्यांच्या वॉशरसह प्रत्येक बिजागरी, नाव लिहिलेल्या पिशवीत. पेट्रोलची टाकी ठिणगी पडण्याच्या कितीतरी आधी गाडीपासून दूर गेली पाहिजे, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीहून घातक असते. जुने ऑइल आणि ब्रेक ऑइल डब्यात भरून ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे जाईल. आपल्याकडची गटारे शेवटी खाडीलाच मिळतात. त्यानंतर १९७८ च्या गाडीची नवी काच तिच्याच चौकटीवर नुसती धरून पाहायची आणि नेमका किती पत्रा हवा ते आखायचे, आणि मगच, गॅस कटरने नव्हे तर पातळ डिस्कच्या ग्राइंडरने, आखणीपेक्षा वीतभर बाहेरून कापायचे. गॅसची आच पत्र्याला वाकवते, आणि वीतभर जास्तीचा पत्रा नंतर स्पॉट सोडवून हवा तितकाच घेता येतो.

कापण्यापूर्वी दंडाची जुनी चलने आणि बँकेच्या बोजाची नोंद मिटवायची आहे. वाहन कायमचे निकामी झाल्यावर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवले पाहिजे, असे कायद्याचे ५५ वे कलम सांगते. म्हणून गाडीची ओळख पटवणारा चॅसिस नंबरचा पत्रा कोणत्याही परिस्थितीत अखंड राहील. सांगाडा नोंदणीकृत मोडकेंद्रात न्यायचा असेल, तर कोणते भाग आधी काढलेले चालतात, हे त्या केंद्राकडून लेखी घेऊनच मी पहिली डिस्क लावीन.

इंजिन आणि गिअरबॉक्स मी भंगारात देणार नाही. १९७८ च्या गाडीचे मूळ इंजिन पुन्हा बांधायचे असल्यामुळे ते दोन्ही मला लागणार नाहीत. ऐरोलीत आपल्या परिचयात कोणाकडे चालती पद्मिनी असेल तर त्यांना जरूर कळवावे, आणि शक्य असल्यास कापण्यापूर्वी आपण स्वतः येऊन तो उजवा रनिंग बोर्ड पाहावा. ती बॉडी सुरक्षितपणे उभी करता येईल असे एखाद्या जाणत्या डेंटरने पाहून सांगितले, तर मी कोपरे घडवून घेण्याचा खर्च करीन आणि ती गाडी अखंड देऊन टाकीन.