मांजराला उपास घडवू नका : एका प्रतिक्रियेला उत्तर

मांजराच्या पोटाच्या तक्रारींवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय : "एवढं पुराण कशाला? एक दिवस उपाशी ठेवलं की मांजराचं पोट ताळ्यावर येतं. भोपळा काय, इसबगोल काय, उगाच लोकांना नादी लावताय. चमचा म्हणजे कुठला चमचा तेही धड सांगता येत नाही, आणि शेवटी डॉक्टरकडे जा म्हणायचं असेल तर लेख लिहिलाच कशाला? अनुभव दिसत नाही."

चमच्याचं आधी मिटवू. चहाचा चमचा, 5 मिलीचा. हे लेखात असायला हवं होतं, मान्य. आता घातलं आहे. पण हेच सरळ विचारता आलं असतं. "नादी लावताय" ही कुठली भाषा? मतभेदाला माझी ना नाही. पण ज्याच्या मांजराला रात्री जुलाब लागलेत असा माणूस लेखाबरोबर तुमची प्रतिक्रियाही वाचतो, आणि इतकं ठासून लिहिलेलं त्याला खरंच वाटणार. माझा राग आहे तो याचा. अनुभवाचं म्हणाल, तर माझ्या घरात वर्षानुवर्षं मांजरं आहेत, आजारी मांजरांना सिरिंजने भरवण्यात रात्री गेल्या आहेत. हे सांगायची वेळ तुम्ही आणलीत.

आता तो उपास. मोठ्या कुत्र्याला तो बहुधा सोसतो, मांजराला नाही. खाणं बंद झालं की मांजराचं शरीर साठवलेली चरबी यकृताकडे पाठवायला लागतं, आणि ती एवढ्या प्रमाणात पचवायची ताकद मांजराच्या यकृतात नसते. चरबी पेशींतच साचते आणि यकृत हळूहळू काम करेनासं होतं. डॉक्टर याला फॅटी लिव्हर म्हणतात. जाड मांजराला धोका सर्वांत जास्त, दोन-तीन दिवसांचं न खाणंही त्याला महागात पडू शकतं. हिरड्या आणि कानाची आतली बाजू पिवळट दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. मग नळी घालून आठवडेच्या आठवडे भरवावं लागतं.

आणि "एक दिवस" तुम्ही मोजता कुठून? वाटी उचलल्यापासून. मांजराचं शरीर मोजतं शेवटच्या घासापासून. पोट बिघडलेलं मांजर बरेचदा आदल्या दिवसापासूनच फक्त वास घेऊन बाजूला होत असतं, वाटीतलं जेमतेम चाटलेलं असतं. त्यावर तुमचा एक दिवस चढवला की दोन झाले. शिवाय रिकाम्या पोटी मळमळ वाढते, मळमळीने भूक मरते, आणि दुसऱ्या दिवशी वाटी पुढे केली तरी मांजर तोंड लावत नाही.

लेखात लिहिलेला खंड वेगळा होता, तो नीट वाचा. ओकाऱ्या होत असतील तर मोठ्या मांजराचं खाणं 2 ते 4 तास थांबवायचं, तेवढंच. पाणी तोडायचं नाही : दर अर्ध्या तासाने एक चमचा. ते पोटात राहिलं की उकडलेल्या चिकनचा एक चमचा चुरा, कातडी-हाडं काढून, मीठ-कांदा-लसूण न घालता. राहिला तर दोन तासांनी पुन्हा, आणि मग दिवसातून 5-6 वेळा थोडं थोडं. नुसते जुलाब असतील तर हा खंडही नको. नुसतं चिकन तीन-चार दिवसांपुढे नको, त्यात कॅल्शियम नसल्यातच जमा, आणि टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक पोषकद्रव्य) उकडलेल्या पाण्यात बरंच निघून जातं. शी बांधून आली की नेहमीचं खाणं आठवडाभरात थोडं थोडं वाढवत आणायचं. पिल्लांना मात्र एवढा वेळही थांबवू नये, त्यांना थेट डॉक्टरांना दाखवावं.

अंगातलं पाणी कमी झालंय का, हे हिरडीवर बोट टेकवून कळतं. ओली, निसरडी लागली तर ठीक. बोट चिकटलं तर घरचे उपाय संपले. म्हाताऱ्या मांजराची कातडी एरवीही सैल असते, म्हणून मानेची चिमटी घेऊन पाहण्यापेक्षा हिरडीवर जास्त भरवसा ठेवावा.

इसबगोल आणि भोपळ्याबद्दल तुम्ही कारण काहीच दिलं नाहीत, त्यामुळे थोडक्यात. बद्धकोष्ठ असेल तर पाव चमचा इसबगोलाचा भुसा ओल्या खाण्यात दोन चमचे पाणी घालून कालवायचा. कोरडा भुरभुरवला की तो आतड्यातलं पाणी शोषतो आणि शीचा खडा आणखी घट्ट होतो. "इसबगोलने काही होत नाही" म्हणणाऱ्यांचं बहुतेक इथेच चुकतं. लाल भोपळा उकडून, बिनमिठाचा, एक चमचा. मांजराला नको असेल तर सोडून द्यावा, जबरदस्ती नको.

डॉक्टरकडे जा का म्हटलं? बोका शी-शूच्या ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथतोय, बाहेर काही येत नाही, म्हणून माणसं बद्धकोष्ठ समजून भोपळा भरवत बसतात, आणि खरं तर त्याची लघवी तुंबलेली असते. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. ट्रेमध्ये शूचा ओला गोळा नसेल तर घरी काहीही करू नका, त्याच क्षणी निघा. माणसांचा फॉस्फेटवाला एनिमा मांजराला मारू शकतो, आणि पॅरासिटामॉलची एक गोळीही.

यापुढे वाद घालायचा असेल तर जरूर घाला. फक्त मांजराचं वजन, वय, शेवटचा घास कधी आणि शेवटची शी कधी, एवढं लिहा. त्याशिवाय आलेल्या टोमण्यांना मी उत्तर देणार नाही.