परमिशन नाही म्हणायलंय? सोप्पंय

दोन कंप्युटरचे डेटाबेस जोडताना 'परमिशन नाही' असं आलं की पहिलं काम, तो मेसेज वाचायचा नाही. वाचला की त्यात कोणता यूजर, कोणती फाईल असलं कायबाय निघतंय आणि मग विचार करावा लागतो, कशाला उगं. ओके दाबा, परत लिंक करा, परत ओके. सोयाबीनचा सीझन, मोंढ्यात आडतीसमोर ट्रॅक्टरची लाईन लागलेली आणि पट्ट्या अडकलेल्या असल्या तर ओके जरा जोरात दाबायचं.

नाहीच झालं तर रामबाण आहेच. मुनीमजीच्या कंप्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमची, म्हणजे अ‍ॅक्सेसची फाईल ज्या फोल्डरात आहे त्यावर राईट क्लिक, शेअरिंग, एव्हरीवन, फुल कंट्रोल. तरीबी होईना? होणारच नाही, कारण शेअरची परमिशन वेगळी आणि बाजूच्या सिक्युरिटी टॅबातली एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवरच्या फाईलींची, वेगळी, नेटवर्कवरून आलं की दोन्हीतली जी कडक तीच चालते. पण तो टॅब उघडू नका. त्यापेक्षा शेअर काढा, परत करा, 'डाटा'चं 'डाटा नवीन' करा, मग 'डाटा फायनल'.

काही शहाणे रीड ओन्ली देतात, सेफ असतंय म्हणून. द्या की! अ‍ॅक्सेसनं फाईल उघडली की त्याच फोल्डरात लॉक फाईल बनते, २००७ पासून एलएसीसीडीबी, त्याआधी एलडीबी, आणि आत कोण बसलंय ते तिच्यात लिहिलेलं असतंय. म्हणजे जो नुसता बघणार त्यालाबी फोल्डरात फाईल बनवायची, पुसायची परवानगी लागते. नाही दिली की दोघांना एका वेळी नीट काम करता येत नाही, काउंटरवाला मुनीमजीवर खेकसतो आणि मुनीमजी काउंटरवाल्यावर, तेवढीच करमणूक.

आणि लिंक करताना शेअरला दिलेलं अक्षर, म्हणजे झेड ड्राईव्हच वापरा हं. दुसऱ्या कंप्युटरवर तोच शेअर वाय असला, किंवा रात्री आपोआप चालणाऱ्या कामाला तुमचा झेड दिसतच नसला, तर तो त्यांचा प्रॉब्लेम. कंप्युटरच्या नावापासून पूर्ण पत्ता टाकायला बोटं दुखतात.

अ‍ॅक्सेसऐवजी मोठा डेटाबेस, एसक्यूएल सर्व्हर असेल तर मजा अजून मोठी. १८४५६ नंबरचा एरर येतो, 'लॉगिन फेल्ड', त्यात स्टेट, म्हणजे कारणाचा नंबर, कायम १ दिसतंय कारण समोरच्याला खरं कारण सांगायचंच नाही असं मुद्दाम ठेवलेलंय. खरा स्टेट नंबर सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये असतो, तिकडं फिरकू नका. त्यातून काउंटरवरून तुम्ही दुकानाच्या सर्व्हरला विचारलं आणि तो पुढं गोदामाच्या सर्व्हरला विचारायला गेला, तर तिकडं तुमचं विंडोजचं नाव पोचतच नाही, एनटी ऑथॉरिटी अनॉनिमस लॉगऑन पोचतंय. मालकानं मुनीमजीला सांगितलं, मुनीमजीनं हमाल पाठवला आणि गोदामवाला त्याला म्हणतो, तू कोण बे? ह्याला तुमची ओळख पुढच्या सर्व्हरपर्यंत पोचवणारं केर्बेरॉस, एसपीएन, डेलिगेशन असलं बसून लावावं लागतंय, नाहीतर गोदामाच्या बाजूला लागेल तेवढ्याच टेबलांचं एक बारकं लॉगिन बनवून लिंक्ड सर्व्हरला, म्हणजे दुकानाच्या सर्व्हरवरच्या त्या जोडणीला, द्यावं लागतंय. छ्या! लिंक्ड सर्व्हरच्या सिक्युरिटीत सरळ एसए, म्हणजे सगळे अधिकार असलेलं मुख्य लॉगिन, टाका, पासवर्ड दुकानाचं नाव आणि पुढं १२३. आता जो कोणी इकडून जाईल तो तिकडं मालकच.

फायरवॉल तर आधीच बंद केला असेल ना? शाब्बास. सॉफ्टवेअरवाल्याला घरून बघता यावं म्हणून राउटरमधून १४३३ पोर्टबी, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरचं दार, उघडून ठेवा. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर नावाच्या, आपोआप पसरणाऱ्या वर्मनं एसक्यूएल सर्व्हरच्या १४३४ पोर्टातून घुसून दहा मिनिटात जगातले बहुतेक कच्चे सर्व्हर गाठले होते, आणि त्याचा पॅच सहा महिने आधीच आलेला होता, पण जुनी गोष्ट आहे, सोडा.

उद्या कोण्या शेतकऱ्याची पट्टी भलत्याच्याच नावावर निघाली आणि मालकानं विचारलं कोणी केलं, तर घाबरायचं नाही. जिथं बघाल तिथं एकच नाव येतंय, एसए. मालकाला म्हणायचं, सापडला बघा, ह्या महिन्याचा त्याचा पगार कापा.