मणका मोडला, पाय हलला, पुढे काय?

गाडीने उडवलेल्या कुत्र्यामांजरांबद्दल एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. ‘मणका मोडला की जनावर पुन्हा चालत नाही, ऑपरेशन ही डॉक्टरांची कमाई. बोटाला चिमटा घ्या. पाय आखडला तर नस जिवंत आहे, मग स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि मालिश पुरे.’

चिमट्यापासूनच सुरुवात करतो, कारण तिथेच सगळे फसतात. पाय आखडतो तो मज्जारज्जूच्या खालच्या तुकड्याच्या जोरावर. वरचा संबंध पूर्ण तुटला असला तरी आखडतो, आणि मेंदूला पत्ताही नसतो. म्हणून बोटाचं हाड फोर्सेप्सने (डॉक्टरी चिमट्याने) दाबताना आम्ही जनावरांचे डॉक्टर पाय बघत नाही, तोंड बघतो. मान वळली, कण्हलं, चावायला आलं, निदान बाहुल्या मोठ्या झाल्या, तरच दुखणं वर पोचलं म्हणायचं. चावलं तर मला आनंदच होतो.

‘पुन्हा चालत नाही’ हे अर्धं खरं. मणका सरकलाय आणि हाड दाबल्यावरच्या या खोल वेदनेची जाणीव पूर्ण गेलीय, तर आशा फारच थोडी. तिथे मीही ऑपरेशनचा आग्रह धरत नाही. पण ही जाणीव शाबूत असेल तर नीट उपचारांनी बहुतेक जनावरं उभी राहतात. नुसत्या एक्स-रेवरून निकाल देऊ नये. हाड आत्ता कुठे आहे तेवढंच तो सांगतो. धडकेच्या क्षणी ते कुठवर जाऊन परत आलं, ते नाही. उलटही होतं. कुत्र्याचा मज्जारज्जू कमरेच्या सहाव्या मणक्याच्या आसपास संपतो, पुढे नुसत्या नसांचा जुडगा. तो दाब बराच सोसतो. त्यामुळे कमरेचा सातवा मणका फोटोत भयंकर दिसतो आणि कुत्रं चालत घरी जातं.

कमाईचं म्हणाल तर खर्च मोठा आहे, नाकारत नाही. पण प्रत्येक मोडलेला मणका कापावा लागत नाही. हाड स्थिर असेल तर सहा-आठ आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती पुरते. डळमळीत असेल तरच मणक्यांत स्क्रू किंवा पिना घालून त्यांवर बोन सिमेंटचा थर देतो, नाहीतर प्लेट बसवतो.

डळमळीत मणक्यावर मालिश म्हणजे मोडकं हाड मज्जारज्जूवर घासणं. दवाखान्यात आणतानाही पोत्यात उचलू नका. फळीवर आडवं बांधून आणा, इस्त्रीचं टेबलही चालतं. स्टिरॉइडची पद्धत माणसांवरच्या जुन्या अभ्यासांतून आली, आता सरसकट देत नाहीत. त्यात मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाची भर पडली तर पोटात अल्सर होऊ शकतात.

लघवीबद्दल मात्र मेसेजात अवाक्षर नाही. मागचे पाय गेलेल्या बऱ्याच जनावरांना ती स्वतःहून होत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोटाच्या दोन्ही बाजूंनी हळू दाबून काढावी लागते. कॅथेटर (लघवीची नळी) घालण्याआधी घरच्यांच्या हातांना हे शिकवतो. ‘दुपारी घरी कोण असतं?’ हा प्रश्न मी खर्चाच्या आकड्याआधी विचारतो.